वाऱ्याची वीज आणि जबाबदारीचा जमाखर्च

१९२१ च्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. ज्यांना पुढे महाराष्ट्राने सेनापती म्हणून ओळखले ते पां. म. बापट या लढ्याचे अग्रणी होते. त्या वेळी कंपनीच्या आणि सरकारच्या बाजूने जो युक्तिवाद केला जात होता तो आज वाचला तर शंभर वर्षांपूर्वीचा वाटत नाही. पाण्यापासून वीज होईल, मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालतील, दगडी कोळसा वाचेल, देशाचे औद्योगिक पाऊल पुढे पडेल. यात खोटे असे काही नव्हते. वीज झाली, गिरण्या चालल्या, कोळसाही वाचला. परंतु पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरे पाण्याखाली गेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन ती 'सार्वजनिक हितासाठी' एका खाजगी कंपनीच्या हवाली करण्यात आली. मोबदला आला तो ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्या हाती. मुळशीतील पुष्कळशी जमीन आधीच सावकारांकडे गेलेली असल्यामुळे कसणाऱ्याच्या वाट्याला विस्थापन आणि सावकाराच्या वाट्याला रोकड अशी वाटणी झाली.

हा इतिहास आठवण्याचे कारण असे की, पाणी, वारा आणि ऊन यांपासून वीज करणाऱ्या कंपन्या आज जणू काल जन्माला आल्या आणि निष्पाप जन्माला आल्या अशा थाटात वावरत आहेत. त्यांच्या वार्षिक अहवालांच्या गुळगुळीत पानांवर निळे आभाळ असते, पवनचक्कीच्या पात्यांखाली हसणारी शाळकरी मुले असतात आणि आपण किती लाख टन कार्बन वातावरणात जाऊ दिला नाही याचा ठळक आकडा असतो. हवामानाविषयीची व पर्यावरणाविषयीची आपली जबाबदारी आपण कशी उत्तम सांभाळतो, हे त्यात पानोपानी सांगितलेले असते. त्या जबाबदारीची तपासणी कोणी केली, हा प्रश्न मात्र त्या पानांवर सापडत नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी विचारावयाचा प्रश्न नेमका तोच आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वारा आणि ऊन यांच्या विजेला विरोध करणे हे समाजवादी चळवळीचे काम नाही. कोळशाची वीज कोणाच्या फुप्फुसांवर तयार होते हे चंद्रपूर-कोराडीच्या वस्त्यांना विचारावे. तापमान वाढले की पहिला फटका उन्हात राबणाऱ्या शेतमजुराला, बांधकामावरील मजुराला आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला बसतो; वातानुकूलित दालनाला तो सर्वांत शेवटी बसतो. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म वीजक्षमता उभारण्याची आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची घोषणा केली. २०२५ च्या जूनअखेर देशातील स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू व तेल यांच्या बाहेरची झाली. प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचाच वाटा अजून मोठा असला तरी दिशा योग्य आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. वाद दिशेविषयी नाही. या वाटेने कोण वाहनात बसून जाणार आणि कोण चाकाखाली येणार, याविषयी आहे.

कंपनी आपला हिशेब स्वतःच लिहिते

भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या 'सेबी'ने २०२२-२३ या वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना 'व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल' सादर करणे बंधनकारक केले. किती वीज वापरली, किती पाणी उपसले, किती कचरा झाला, कामगारांत स्त्रिया किती, तक्रारी किती आल्या, अशी माहिती त्यात द्यावी लागते. काही नसण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. २०२३ पासून मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत त्यातील काही आकड्यांची बाहेरच्या यंत्रणेकडून खातरजमा करून घेण्याची सोयही टप्प्याटप्प्याने आली. परंतु हा अहवाल मुळात कोणासाठी आहे? तो भागधारकासाठी आहे. त्याची गुंतवणूक किती सुरक्षित आहे, हे त्याला कळावे म्हणून तो लिहिला जातो. ज्या माळावर पवनचक्की उभी राहिली त्या माळावर शेळ्या चारणाऱ्या बाईसाठी तो लिहिलेला नाही. तो तिच्या भाषेत नसतो, तिच्या ग्रामसभेत वाचला जात नाही आणि तो खोटा निघाला तर दाद मागण्याचा तिला कसलाही हक्क मिळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. वीजप्रकल्प बहुधा मूळ कंपनीच्या नावावर नसतोच. प्रत्येक प्रकल्पासाठी एक वेगळी उपकंपनी काढण्यात येते. जमिनीचा करार तिच्या नावे, कर्ज तिच्या नावे, वीजविक्रीचा करार तिच्या नावे. ही उपकंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसते. प्रकल्प विकावयाचा झाला तर ती उपकंपनीच विकली जाते, आणि गावाला दिलेली तोंडी आश्वासने कागदावर कोठेच नसल्याने नव्या मालकाकडे ती पोहोचत नाहीत. मूळ कंपनीच्या अहवालात सगळ्या प्रकल्पांचा मिळून एक आकडा येतो. एखाद्या गावातील ओढा बुजला, ही गोष्ट त्या एका आकड्यात शोधून सापडणार नाही.

हिशेबाची ही पद्धत मुद्दाम समजून घेतली पाहिजे, कारण जबाबदारी 'सांभाळणे' याचा अर्थ तिच्यातच दडलेला आहे. कार्बन हा मोजता येतो, त्याची बेरीज होते आणि तो बाजारात विकताही येतो. क्योतो कराराखाली 'स्वच्छ विकास यंत्रणा' नावाची जी व्यवस्था चालली तिच्यात नोंदल्या गेलेल्या प्रकल्पांच्या संख्येत चीनच्या खालोखाल भारत होता, आणि त्यांत पवनचक्क्यांचा भरणा मोठा होता. न सोडलेल्या कार्बनची प्रमाणपत्रे युरोपातील कारखान्यांना विकून येथील कंपन्यांनी पैसा मिळविला. जमा बाजूला अशा रीतीने रोख रक्कम आली. खर्चाच्या बाजूला तोडलेले जंगल, अडविलेली पायवाट, बंद झालेले चराऊ रान यांना बाजारभाव नसल्यामुळे ती बाजू कोरी राहिली. एकच बाजू लिहिलेल्या वहीला किराणा दुकानदारही हिशेब म्हणणार नाही.

खेड-मावळच्या डोंगरावर

याचे उदाहरण मुळशीपासून फार दूर नाही. आंध्र तलाव हाही टाटांच्या जलविद्युत योजनेतलाच. त्या परिसरात, खेड आणि मावळ तालुक्यांतील भीमाशंकर अभयारण्याला लागून असलेल्या डोंगरांवर, एनरकॉन कंपनीचा पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला व त्यासाठी जवळजवळ १९५ हेक्टर राखीव वनजमीन वळती करण्यात आली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला जो अहवाल दिला, त्यात या प्रकल्पाची हकीगत नोंदलेली आहे. संबंधित वनक्षेत्रपालाने आपल्या अहवालात स्वच्छ लिहिले होते की, हा अतिवृष्टीचा, सदाहरित वनाचा प्रदेश आहे, येथे महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आहे, सबब हा प्रकल्प मंजूर करू नये. वरिष्ठांनी त्याचे मत बाजूला सारले. मग डोंगर कापून रस्ते काढण्यात आले, उतारावरची माती सुटली, दरडी ढासळल्या आणि तो गाळ खालच्या जलाशयांकडे वाहू लागला.

एवढ्यावरच हे थांबले नाही. ज्या डोंगरांवर पिढ्यानपिढ्या लोक राहत आले तेथे कंपनीच्या पहारेकऱ्यांनी नाकी बसविली, वनखात्याची असावीत अशी भासणारी पाटी लावली आणि लोकांनाच अडविण्यास आरंभ केला. हे त्याच तज्ज्ञ गटाने नमूद करून ठेवले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्यांचे हक्क मान्य करावयाचे ते हक्क बाजूलाच राहिले. उलट त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बेकायदा बंदी आली. आणि हा अहवाल तरी जनतेपुढे सुखासुखी आला काय? सरकारने तो दडवून ठेवला; माहिती आयोगाचा आदेश झाल्यावर २०१२ च्या मे महिन्यात तो प्रसिद्ध करावा लागला.

यात कोणा एका कंपनीचा दुष्टपणा पाहणे ही भाबडी समजूत होईल. या साऱ्या व्यवहारात जो एकमेव मनुष्य आपली जबाबदारी जागला तो सरकारी चाकरीतला एक कनिष्ठ अधिकारी होता, आणि त्याच्या मताला किंमत मिळाली नाही. पवनचक्कीच्या विजेची हवामानविषयक जबाबदारी कागदोपत्री शंभर टक्के पार पडली, आणि त्याच वेळी एक सदाहरित डोंगर उघडा पडला. अशी ही जबाबदारी, जी पार पाडताना डोंगर ढासळतो!

सूट कायद्याची, स्पर्धा स्वस्ताईची

असे घडू शकते याला कायदेशीर कारण आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या उद्योगांना पूर्वपरवानगी व जनसुनावणी आवश्यक ठरविली त्या यादीत पवनऊर्जा नाही, आणि सौरपट्ट्यांच्या प्रकल्पांनाही या अटीतून मोकळे ठेवण्यात आले आहे. हजारो एकरांवर पसरलेला सौरप्रकल्प उभारताना जनतेचे म्हणणे ऐकण्याची सक्ती नाही. वनजमीन हवी असेल तर ग्रामसभेची संमती घ्यावी, असे २००९ मध्ये केंद्राने परिपत्रक काढले. नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांचा अधिकार मान्य केला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पण २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी क्रम उलटा केला: केंद्राने आधी मान्यता द्यावी आणि वनहक्कांचे काय ते राज्याने नंतर पाहावे. निर्णय झाल्यानंतर विचारलेल्या संमतीला संमती म्हणत नाहीत.

दुसरे कारण बाजाराचे आहे. वीजखरेदी आता बोली लावून होते. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातील भादला येथे सौरविजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला आणि त्याचे सर्वत्र कौतुक झाले. वीज स्वस्त व्हावी हे कोणालाही मान्य होईल. परंतु सर्वांत कमी बोली लावणाऱ्यासच काम मिळणार असेल, पट्ट्यांची व यंत्रांची किंमत बाजारात ठरणार असेल आणि नफाही सोडावयाचा नसेल, तर काटकसर कोठे करावयाची? जमिनीच्या भाड्यात, कंत्राटी मजुराच्या रोजात आणि पर्यावरणाच्या बंदोबस्तात. जो कंपनीवाला या तीन बाबींवर प्रामाणिकपणे खर्च धरील तो बोलीत हरेल. म्हणजेच जबाबदारीने वागण्याला या व्यवस्थेत दंड आहे. सद्भावनेच्या धोरणपत्रिका छापून हा दंड टळत नाही.

हवामान आणि पर्यावरण यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची कला तर आता न्यायालयापर्यंत पोहोचली आहे. माळढोक पक्षी विजेच्या तारांवर आपटून मरतो म्हणून राजस्थान-गुजरातमधील तारा भूमिगत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. सरकारने हवामानाच्या आंतरराष्ट्रीय वचनांचा हवाला दिला आणि २१ मार्च २०२४ रोजी तो आदेश सैल झाला. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क न्यायालयाने घटनेच्या १४ व्या व २१ व्या अनुच्छेदांतून मान्य केला. हा हक्क मोलाचा आहे. पण तो उन्हात होरपळणाऱ्या मजुराच्या हातात पडण्याआधीच कंपन्यांच्या वकिलांच्या हातात पडला, हे विसरता येत नाही.

गायरान कोणाचे?

महाराष्ट्रात आज हा प्रश्न गायरानावर येऊन ठेपला आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली व २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पाणी धरावयास जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. या योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरले. सरकारी व गायरान जमीन मात्र नाममात्र भाड्याने देण्याची तरतूद झाली. साहजिकच नजर गायरानाकडे वळली.

परंतु गायरान म्हणजे रिकामी जागा, हे फक्त नकाशावर खरे असते. ते गावच्या गुरांचे चराऊ रान आहे. मराठवाड्यात आणि अन्यत्र तेच भूमिहीन दलितांच्या पोटापाण्याचे साधन आहे. दगडगोटे वेचून, बांध घालून त्यांनी ते वहितीला आणले. त्यासाठी गावगुंडांचे मार खाल्ले, उभी पिके जाळलेली पाहिली, तुरुंगवास भोगला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला तो अशा दीर्घ लढ्यानंतर. त्याची अंमलबजावणी आजही अपुरी आहे. पुष्कळांच्या नावे सातबारा झालेलाच नाही. अशा वेळी तीच जमीन सौरपट्ट्यांसाठी मोकळी म्हणून दाखविणे याचा अर्थ, ज्याला तीस वर्षे कागद मिळाला नाही त्याला कागद नाही म्हणून उठविणे असा होतो. मुळशीत नाव सावकाराचे होते. येथे नाव सरकारचे आहे. कसणारा दोन्हीकडे बाहेरच.

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील पावगडाचे सौरउद्यान या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. पाच गावांतील सुमारे तेरा हजार एकर जमिनीवर २,०५० मेगावॉटचा हा प्रकल्प उभा आहे. तेथे जमीन विकत घेतली गेली नाही, २८ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली गेली. आरंभी एकरी २१,००० रुपये वार्षिक भाडे आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ असा करार झाला. मालकी शेतकऱ्याकडे राहिली, ही त्यातील निःसंशय चांगली गोष्ट. पण भाडे मिळते ते खातेदाराला. ज्याच्यापाशी पन्नास एकर त्याला भरघोस, ज्याच्यापाशी दोन एकर त्याला बेताचे, आणि त्या शेतांवर राबून जगणाऱ्या भूमिहीनाला काहीच नाही. पट्टे बसविण्याचे काम संपले की उरतात ती पहारा देण्याची, गवत काढण्याची आणि पट्टे धुण्याची कामे. तीही थोडी आणि कंत्राटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शेतमजूर व कूळ यांना 'बाधित' मानले आहे. परंतु जमीन संपादन न करता भाड्याने घेतली की तो कायदाच लागू होत नाही.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, हवामानाचे संकट दाराशी असताना सुनावण्या आणि संमत्या यांत वेळ दवडणे परवडणार नाही. घाईचे हे तत्त्वज्ञान गरिबांनी प्रत्येक धरणाच्या आणि प्रत्येक खाणीच्या वेळी ऐकलेले आहे. अनुभव उलट आहे: ज्यांना विचारले नाही ते नंतर न्यायालयात जातात, रस्त्यावर बसतात आणि प्रकल्प रखडतो. संमती हा वेळेचा अपव्यय नाही. ती न घेणे हा आहे.

दुसरा आक्षेप कंपन्यांकडून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च होतात, शाळेला संगणक दिले जातात, आरोग्य शिबिरे घेतली जातात, झाडे लावली जातात; मग आणखी काय हवे? हवे आहे ते दान नाही, हक्क हवा आहे. डोंगर कापून झाल्यावर वाटलेली दप्तरे डोंगराचा हिशेब चुकता करीत नाहीत. आणि दोन टक्के कोठे खर्च करावयाचे हे कंपनीचे संचालक मंडळच ठरविणार असेल, तर त्यात गावाचा अधिकार कोणता?

कार्यक्रम काय?

नुसती टीका करून थांबणे हे समाजवाद्यांना शोभणारे नाही. काही मागण्या अगदी निश्चित स्वरूपात मांडता येतील आणि प्रत्येक तालुक्यात त्यांवर सभा घेता येतील.

एक, ठरावीक आकारापुढील पवन व सौर प्रकल्पांना पर्यावरणीय मूल्यांकन आणि मराठीतून जनसुनावणी बंधनकारक करावी. दोन, वनजमीन व गायरान यांबाबत ग्रामसभेची पूर्वसंमती असल्याशिवाय कोणताही करार वैध मानू नये, आणि १९९१ च्या निर्णयाखालील सर्व दावे निकालात निघेपर्यंत तेथे सौरपट्टा लावू नये. तीन, जमीन विकत न घेता भाड्यानेच घ्यावी, आणि भाड्याचा ठरावीक हिस्सा त्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांना व भूमिहीनांना मिळावा. चार, उपकंपनीची जबाबदारी मूळ कंपनीवर बंधनकारक करावी आणि प्रकल्प विकला तरी गावाशी झालेला लेखी करार नव्या मालकाला बांधील राहावा. पाच, प्रत्येक प्रकल्पाचा स्वतंत्र वार्षिक जमाखर्च, त्यात पाणी, माती, तोडलेली झाडे, कंत्राटी मजुरांची संख्या व रोज यांसह, ग्रामसभेपुढे वाचला जावा आणि तो अमान्य करण्याचा अधिकार ग्रामसभेला असावा. सहा, प्रकल्पाचे आयुष्य संपल्यावर पट्टे, पाती आणि काँक्रीटचे पाये उचलून जमीन पूर्ववत करण्यासाठीची रक्कम आरंभीच अनामत म्हणून घ्यावी. पवनचक्कीची पाती काचतंतूंच्या मिश्रणाची असतात, त्यांचा पुनर्वापर सोपा नाही. सौरपट्ट्यांच्या कचऱ्यासाठी २०२२ च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर तो साठविण्याची जबाबदारी टाकली आहे, पण गावच्या शेताची हमी त्यात नाही.

सातवी मागणी सर्वांत मूलगामी आहे. वारा आणि ऊन यांचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. मग त्यांच्यापासून होणाऱ्या विजेची मालकी कंपनीकडेच का असावी? २०१९ च्या केंद्रीय 'कुसुम' योजनेत ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटपर्यंतचे सौरप्रकल्प शेतकऱ्यांना, सहकारी संस्थांना आणि पंचायतींनाही उभारता येतात. सहकाराची दीर्घ परंपरा असलेल्या महाराष्ट्रात गावोगावी सहकारी वीजप्रकल्प का निघू नयेत? साखर कारखान्यांचे जे झाले त्यावरून शहाणे होऊन, म्हणजे सभासदत्व जमीनदार बागायतदारांपुरते न ठेवता भूमिहीनांना आणि स्त्रियांना बरोबरीचा मताधिकार देऊन, ते निघाले पाहिजेत. कर्जाची हमी सरकारने घ्यावी. ती आज बड्या कंपन्यांसाठी नाना रूपांनी घेतली जातेच.

मुळशीचा सत्याग्रह तेव्हा हरला. धरण झाले, वीज मुंबईला गेली आणि मावळे पांगले. परंतु त्या लढ्याने विचारलेला प्रश्न धरणात बुडाला नाही: देशाच्या प्रगतीची किंमत कोणी मोजावयाची, आणि ती ठरविणार कोण? खेड-मावळच्या डोंगरावर, मराठवाड्याच्या गायरानावर, पावगडाच्या माळावर तो आज पुन्हा उभा आहे. कंपनीच्या अहवालात त्याचे उत्तर मिळणार नाही. ते ग्रामसभेच्या ठरावात लिहावे लागेल, आणि तो ठराव लिहिणारी, वाचून दाखविणारी व त्यासाठी उन्हात बसणारी माणसे गावागावांत उभी करावी लागतील. हे काम कार्यकर्त्यांचेच आहे.